मोजणीला हजर

लग्न झाल्यापासून डेल्फिन आपल्या आईच्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभी होती. त्या रविवारी सकाळी मात्र तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण बाजूला झालो तर बरं होईल.

दोघांचं भांडण नव्हतं हो. उलट फार आदर होता, आणि आदर होता म्हणूनच बोलणं नव्हतं. आमच्या मूळनिवासी लोकांत जावई सासूशी बोलत नाही आणि सासू जावयाकडे बघत नाही. एका खोलीत असले तर एकानं खिडकीकडे तोंड करायचं. सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं, आणि मधलं माणूस नसेल तर कुत्र्याला. हल्लीच्या पोरांना याचं हसू येतं. हसोत बापडी. शहरात सासू-जावई एकमेकांना तोंडावर काय काय ऐकवतात ते मी पाहिलंय, त्यापेक्षा कुत्रा बरा.

"जावई येणार ना?" अल्फोन्सिननं पीठ तिंबता तिंबता विचारलं. डेल्फिनची आई, पण सारसतळ्याच्या अख्ख्या वस्तीची ती कोहकम, म्हणजे आजी. ऐंशी उलटली तरी भाकरी थापायला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही.

"येतोय. नकाशा घेऊन येतोय."

"उद्याच ना सभा?"

"उद्याच."

"मग टोकाचं ठरलं असेल," कोहकम म्हणाली आणि पिठाचा गोळा परातीत असा आपटला, की बाहेरून कुत्रा भुंकला.

डेल्फिननं चुलीत एक लाकूड सारलं. लाकडाची काही गरज नव्हती.

तीन वर्षांपूर्वी याच चुलीपाशी आईनं निरोप दिला होता: जावयांना म्हणावं, काहीही सोडा, पण तळ्याचं टोक सोडू नका. डेल्फिन हो म्हणाली होती. घरी गेल्यावर इसिडोरनं विचारलंही होतं, "सासूबाईंचं काय म्हणणं?" आणि ती म्हणाली होती, "आई म्हणते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मग आईला येऊन सांगितलं, "बघतो म्हणाला." एवढंच. दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांनी तिची तीन वर्षांची झोप खाल्ली होती.

कारण सासूनं जावयाकडे काही मागितलं, की जावयाला नाही म्हणता येत नाही. हीही आमचीच रीत. आणि इसिडोर रीत मोडणारा माणूस नव्हता.

आमच्या पूर्वजांनी सरकारशी केलेल्या करारात माणशी एकशे अठ्ठावीस एकर लिहिलेले. पण सरकारचा मोजणीदार आला तेव्हा निम्मी माणसं शिकारीला पांगलेली. तंबूत जी सापडली तेवढीच त्यानं धरली, मोजणीची साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या आणि गेला. गाळलेल्या माणसांची जमीन मागता मागता तीन पिढ्या संपल्या. चौथ्या पिढीत इसिडोर बोलणी करायला बसला आणि बारा वर्षं बसला. आता बहुतेक तुकडे मिळाले होते. वाव उरला होता तो शेवटच्या एका तुकड्यापुरता, आणि त्याचं उद्या सभेत ठरायचं होतं. एकीकडे शहराच्या वेशीवरची हमरस्त्यालगतची जागा. तिथे पेट्रोलपंप होईल, दुकान होईल, पोरांना कामं मिळतील. दुसरीकडे ओरेस्ट नावाच्या शेतकऱ्याचं तळ्याचं टोक. नुसते दगड आणि पॉपलरची झाडं. ओरेस्ट थकला होता, विकून मुलीकडे चालला होता. आपण नाही घेतलं, तर शहरातले लोक तिथे सुट्टीचे बंगले बांधणार होते.

इसिडोरची समिती हमरस्त्याच्या बाजूनं होती. कोहकमची हरकत असती तर गोष्ट वेगळी. पण कोहकमची हरकत नव्हती, असं डेल्फिननंच सांगितलं होतं ना.

*

नेपोलियननं गाडीच्या मागच्या फळीवरून मूस हरणाची अख्खी मांडी ओढली आणि खांद्यावर टाकली. दाराशी त्याचा मेहुणा बूट झटकत उभा होता. बूट केव्हाच स्वच्छ झाले होते.

"काय रे, सरकारला घाम फोडणारा माणूस माझ्या आईच्या दारात असा चोरासारखा उभा? आत जा की!"

"तू आधी जा," इसिडोर म्हणाला. "घरात मध्ये माणूस हवं."

"मग मी काय उपयोगाचा? माझी बायको मला माणसात धरत नाही."

"शहाणी आहे ती."

मेहुण्यांनी एकमेकांची चेष्टा करायची, हीही रीतच. आणि ही रीत नेपोलियन इतक्या निष्ठेनं पाळायचा, की पाद्रीबाबांनाही हेवा वाटावा. पण आज त्याला खरोखरच आनंद झाला होता. हमरस्त्यावरचा पंप त्यानं मनातल्या मनात रंगवूनसुद्धा टाकला होता.

"पाटी मोठी हवी बरं का. 'नेपोलियनचा पंप'. लांबून दिसली पाहिजे."

"पंप वस्तीचा असेल."

"पंप वस्तीचा, पाटी माझी."

"तुझं नाव वाचलं की लोक टाकी रिकामी असली तरी पुढे जातील," इसिडोर म्हणाला, आणि तेवढ्यात मांडीचं वजन नेपोलियनच्या खांद्यावरून घसरायला लागलं म्हणून दोघांनी मिळून ती आत नेली.

नेपोलियनला मेहुणा आवडायचा. या माणसानं बारा वर्षांत एक आकडा फुगवून सांगितला नव्हता. समोरचे लोक वस्तीची माणसं कमी करायला बसलेले असायचे आणि हा आपल्याच बाजूची चूक सापडली तर तीही सांगून टाकायचा. नेपोलियननं कितीदा डोकं आपटून घेतलं होतं. "अरे, थोडं खोटं बोल की! त्यांनी शंभर वर्षं काय केलं?" त्यावर इसिडोरचं एकच उत्तर. "म्हणूनच."

*

इसिडोर पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या मागे टेबलावर नकाशा उलगडलेला होता आणि कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मांस शिजल्याचा वास येत होता. बिंगो, म्हणजे घरातला कुत्रा, टेबलाखाली पसरला होता. कोहकम बिंगो खेळात जिंकली त्याच दिवशी तो दारात आला, म्हणून त्याचं हे नाव.

सासूबाई चहा घेऊन आल्या हे त्याला पावलांवरून कळलं. त्यांच्या मोकासिनचा, त्या मऊ चामडी जोड्यांचा आवाज तो लग्नापासून ओळखत होता. चेहरा मात्र त्यानं फार तर फोटोत नीट पाहिला होता. त्याच्या आजारपणात याच बाईनं त्याच्यासाठी रोज रस्सा धाडला होता, दुसऱ्याच्या हातून. त्याच्या आईच्या दफनाच्या वेळी त्याच्या खांद्यावर कुणीतरी मागून शाल टाकली होती. कुणी, ते त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

पावलं टेबलाशी थांबली. चहाची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बिंगो," सासूबाई म्हणाल्या. "तुला वाचता येतं का रे? मला नाही येत. पण हे तळं ओळखतं मला. हा ओढा. ही सारसांची दलदल. हे टोक." बोट कागदावरून सरकल्याचा आवाज. "टोकावर काहीच रंग नाही. लाल रंग तिकडे हमरस्त्यावर. मी तर टोकाचा निरोप धाडला होता."

इसिडोर खिडकीतून बाहेर बघत राहिला. बदकांची एक रांग दक्षिणेकडे चालली होती.

"नेपोलियन," तो म्हणाला, "कुठला निरोप?"

"मला काय विचारतोस? मला दिला असता तर दुपारपर्यंत गावभर झाला असता."

स्वयंपाकघरात पळी भांड्यावर आपटली. डेल्फिन दारात आली. तिचा चेहरा चुलीच्या धगीनं लाल झाला होता, की आणखी कशानं, ते नेपोलियनलाही कळलं.

"मी दिला नाही," ती म्हणाली.

"का?" हे इसिडोरनंही विचारलं आणि कोहकमनंही. एकानं खिडकीला, दुसरीनं कुत्र्याला.

"दिला असता तर तुला नाही म्हणता आलं असतं? बोल ना. नसतं आलं! बारा वर्षं तू राबलास, आणि आईनं चार बेऱ्यांसाठी शब्द टाकला की सगळं त्या दगडांत घालायचं? मला वाटलं, तिला बेऱ्या वेचायची जागा हवी आहे. बेऱ्या काय, कुठेही मिळतात." ती थांबली. एप्रनला हात पुसले. "आणि लेलंड. आपला मुलगा तिकडे शहरात कुणाच्या तरी सोफ्यावर झोपतो. पंप झाला तर घरी येईल. खरं सांगू? हेच जास्त होतं."

"बेऱ्या!" कोहकम म्हणाली आणि खुर्चीत बसली.

*

अल्फोन्सिनला लेकीचा राग आला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. राग आला तो स्वतःचा. कारण न सांगता निरोप धाडला, तर निरोपाला वजन कुठून येणार? पण कारण सांगायचं नाही, असं तिनं आजीला वचन दिलं होतं. आजीला जाऊन साठ वर्षं होऊन गेली होती. वचन कुणाकडून सोडवून घ्यायचं, हे तिला कळेना. मग तिनं चिमूटभर तंबाखू चुलीत टाकली, आजीला अर्पण म्हणून, आणि परत येऊन बसली.

"डेल्फिन, तूही बस. बिंगो, तू ऐक." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मोजणीदार येणार अशी बातमी आली, तेव्हा पुरुष शिकारीला निघालेच होते. खायला नव्हतं, थांबणार कसे? म्हणाले, टोकावर कुणीतरी थांबा, नाहीतर इथे कुणी राहतच नाही असं लिहितील. माझी आजी थांबली. पोरगीच होती. बरोबर तिची म्हातारी सासू, आणि कुशीतलं बाळ. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. नाव देणारा म्हातारा शिकारीला गेला होता."

"बाळाला खोकला होता," डेल्फिन हळूच म्हणाली. एवढं तिनं लहानपणी ऐकलं होतं.

"खोकल्यातच गेलं ते. मोजणीदार यायच्या आदल्या दिवशी."

चुलीवरचं भांडं उतू चाललं होतं. कुणी उठलं नाही.

"आजीनं त्याला पुरलं नाही. त्याचं तोंड पुसलं, केस सारखे केले, शेवाळ अंथरलेल्या झोळीत घालून दोरी आवळली, जशी रोज आवळायची. आणि पाठीशी बांधून तंबूच्या दारात उभी राहिली. मोजणीदार आला. बरोबर दुभाष्या होता. त्यानं विचारलं, झोपलंय का? आजी म्हणाली, हो. त्यानं तीन माणसं लिहिली आणि पुढे गेला. मग आजीनं पॉपलरखाली खड्डा खणला. सासू म्हातारी, तिच्यानं खणवेना. एकटीनं खणला."

नेपोलियननं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"आणि मग साखळी ओढली," कोहकम म्हणाली. "ती टोकाच्या अलीकडेच थांबली. त्या बाळाच्या वाट्याची जमीन आपल्यात आली आणि ते बाहेर राहिलं. आजी मला म्हणायची, कुणाला सांगू नकोस, नाहीतर परत मोजायला येतील. पण दर वसंतात मला घेऊन जायची. ओरेस्टचा बाप नांगर धरायचा. आजीला बघितलं की नांगर वळवायचा. त्यानं कधी कारण विचारलं नाही. ओरेस्टनंही झाडं ठेवली आहेत. बंगलेवाला ठेवेल का?"

डेल्फिननं तोंडावर एप्रन घेतला होता. "आई, मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर तुलाही ओझं झालं असतं. आणि झालंच की शेवटी."

*

इसिडोरनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला होता.

"बिंगो," तो म्हणाला, आणि कुत्र्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्या बाजूला मान वळवली. "सासूबाईंनी माझ्याकडे मागितलं तर मी नाही म्हणणार नाही. उद्या सकाळी टोकावर लाल रंग मारीन. पण मग लोक म्हणतील, इसिडोरनं सासूला जमीन दिली. ते बाळ एकट्या या घराचं नाही. त्याच्या वाट्यावर आपण सगळे राहतो. मागायचं असेल तर सगळ्यांकडे मागावं, असं मला वाटतं."

"सभेत?" नेपोलियन उसळला. "वेडा आहेस का? सरकारचा माणूस बसणार आहे तिथे! त्याच्यासमोर सांगायचं, की आम्ही एक मेलेलं मोजून घेतलं होतं?"

"त्यानं मला विचारलं तर मी खरं सांगेन."

"ते माहीत आहे रे! म्हणूनच तर म्हणतोय!"

"बारा वर्षं मी त्यांना एकच म्हणतोय," इसिडोर म्हणाला. "तुम्ही जिवंत माणसं गाळलीत. आता आपण एक लपवायचं आणि त्यांना काय तोंड दाखवायचं?"

कोहकमनं गार झालेला चहा एका घोटात संपवला, डब्यातल्या दुधाचा, भरपूर साखरेचा.

"बिंगो, त्यांना सांग," ती म्हणाली, "माझ्या जावयाला मी खोटं बोलायला लावणार नाही. आणि माझा निरोप मी परत घेते. उद्या माझं मीच बोलेन."

जेवण झालं. मांस छान शिजलं होतं, तरी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. निघताना पायरीवर डेल्फिन नवऱ्याशेजारी उभी राहिली.

"रागावलास?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही." त्यानं तिच्या हातातलं भाकरीचं गाठोडं घेतलं. "आणखी काय काय पोचवलं नाहीस गं इतक्या वर्षांत?"

डेल्फिननं विचार केला. "तू पहिल्यांदा आईच्या हातचा रस्सा प्यायलास, तेव्हा म्हणाली होती, मीठ कमी लागलं असेल, सांगायला सांग. मी सांगितलं, त्याला आवडला."

"आवडला होताच," इसिडोर म्हणाला. तो हसला नाही, पण गाडीचं दार त्यानं तिच्यासाठी उघडलं.

*

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, आम्ही सगळे होतो. घडीच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, पोरं भिंतीला टेकून उभी होती. रीतीप्रमाणे सुवासिक गवताचा धूर दिला, प्रार्थना झाली. सरकारचा माणूस कोपऱ्यात टाय लावून बसला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त सारखा घड्याळाकडे बघायचा. लेलंड शहरातून आला होता. दाढी वाढलेली, आजीला मात्र सगळ्यांत आधी जाऊन भेटला.

इसिडोरनं दोन्ही जागांची बाजू मांडली, दोन्हींची सारखीच. ऐकणाऱ्याला कळू नये की याचं मन कुठे आहे. मग कोहकम उठली. समोर टेबलाशी जावई बसलेला, म्हणून त्याच्याकडे पाठ करून ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि काल घरी सांगितलं ते सगळं सांगितलं. माझ्या शेजारी बसलेली बाई आपलं तान्हं छातीशी आवळत गेली, इतकं की ते रडायला लागलं. त्या रडण्याचा मला फार आधार वाटला.

सरकारच्या माणसानं घसा खाकरला. "म्हणजे मूळ मोजणीत एक व्यक्ती… मला हे नोंदवावं लागेल."

"नोंदवा," इसिडोर म्हणाला.

"एक कमी करा, साहेब," नेपोलियन मागून ओरडला, "आणि गाळलेले सगळे घाला!"

जिम हसली. डोळे पुसत हसली. साहेबांनी पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं. त्यांनी काय लिहिलं, किंवा लिहिलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

मग हात वर करायला सांगितलं. आधी हमरस्त्यासाठी. पुष्कळ हात वर झाले, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. लहान पोरांच्या आया होत्या, काम नसलेली तरणी माणसं होती. लेलंडचाही हात होता. नेपोलियनचा हात सवयीनं वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्या हातानं त्यानं मान खाजवली. डेल्फिननं मुलाकडे पाहिलं आणि आपले हात मांडीखाली दाबून धरले.

"टोकासाठी," इसिडोर म्हणाला.

आता हातच हात दिसायला लागले. डेल्फिनचा हात वर होता आणि ती रडत होती. मोजायची गरज नव्हती, टोक जिंकलं हे लहान पोरालाही दिसत होतं. पण इसिडोर मोजल्याशिवाय काही मानत नाही. तो उठला आणि एकेका रांगेतून बोटानं मोजत पुढे आला. एक माणूस सुटायला नको म्हणून भिंतीशी उभ्या असलेल्यांनाही त्यानं जवळ जाऊन मोजलं.

शेवटी तो कोहकमपाशी आला. ती अजून उभीच होती, आणि तिनं दोन्ही हात वर केले होते.

"कोहकम, एकच हात," कुणीतरी मागून कुजबुजलं.

कोहकमनं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ऐंशीच्या वरची बाई, हात किती वेळ धरणार? सरकारचा माणूसही बघत होता. आणि बारा वर्षांत एक आकडा न फुगवलेला इसिडोर सासूसमोर उभा होता, तोंड न वळवता. त्यानं तिच्या एका हाताकडे बोट केलं, मग दुसऱ्याकडे.

"आई," तो म्हणाला, "हात खाली घ्या. दोघांचेही मोजले."